शेताचे प्रमाणपत्र आणि मालावरचे चिन्ह: वाचकांचे प्रश्न

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे प्रमाणपत्रे, लोगो आणि पर्यावरणपूरक शेतीचे दावे यांविषयीची आहेत. शेतकरी विचारतात की कोणते प्रमाणपत्र घ्यावे, आणि ग्राहक विचारतात की कोणत्या चिन्हावर विश्वास ठेवावा. या अंकात पाच पत्रांना उत्तरे दिली आहेत. पत्रे संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न: आमची निफाड तालुक्यात साडेचार एकर थॉमसन द्राक्षाची बाग आहे. निर्यातदाराने पुढील हंगामासाठी ग्लोबल गॅप प्रमाणपत्राची अट घातली आहे. एक सल्लागार सर्व फाइल तयार करून देण्यास तयार आहे. हे प्रमाणपत्र मिळाल्यावर आमची द्राक्षे सेंद्रिय ठरतील का? आणि फाइल सल्लागाराकडून करून घेतली तर चालेल का? (एक द्राक्ष बागायतदार, निफाड)

उत्तर: आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्पष्टपणे नकारार्थी आहे. ग्लोबल गॅप हे चांगल्या कृषिपद्धतींचे प्रमाणपत्र आहे. त्यात रासायनिक औषधांना आणि खतांना मनाई नाही; मात्र कोणते औषध, कोणत्या रोगासाठी, किती मात्रेत, कोणाच्या हातून आणि काढणीच्या किती दिवस आधी वापरले गेले, याचा पूर्ण हिशेब आपल्याला देता आला पाहिजे. युरोपातील मोठ्या किरकोळ विक्रेत्यांनी १९९७ मध्ये युरेपगॅप या नावाने ही व्यवस्था सुरू केली आणि २००७ मध्ये तिला आजचे नाव मिळाले. मुळात हा पुरवठादार आणि खरेदीदार यांच्यातला विश्वासाचा व्यवहार आहे, त्यामुळे परदेशातील ग्राहकाला आपल्या पेटीवर एखादे चिन्ह दिसेलच असे नाही. आपल्याला मिळतो तो १३ अंकी क्रमांक, आणि त्यावरून खरेदीदार आपले प्रमाणपत्र चालू आहे की नाही हे पडताळून पाहू शकतो. त्याची मुदत एक वर्षाची असते. निकषांपैकी जे अत्यावश्यक मानले आहेत ते शंभर टक्के, आणि दुय्यम निकष ९५ टक्के पूर्ण करावे लागतात.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देताना २०१० चा हंगाम आठवल्यावाचून राहत नाही. त्या वर्षी महाराष्ट्रातून युरोपात गेलेल्या द्राक्षांमध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड, म्हणजे आपण ज्याला सीसीसी म्हणतो त्या वाढनियंत्रकाचे अंश मर्यादेपेक्षा जास्त आढळले आणि कंटेनरच्या कंटेनर अडकून पडले. आपल्याकडे खरड छाटणीनंतर, म्हणजे एप्रिलच्या सुमारास होणाऱ्या छाटणीनंतर, वेलीचा जोम आवरून घडनिर्मिती चांगली व्हावी म्हणून सीसीसी सर्रास वापरले जात होते, आणि निर्यातपूर्व तपासणीच्या यादीत तोवर त्याचा समावेश नव्हता. अपेडा या केंद्र सरकारच्या कृषी निर्यात प्राधिकरणाची ग्रेपनेट ही संगणकीय नोंदव्यवस्था २००६ पासून सुरू होती, प्लॉटची नोंदणी होती, प्रयोगशाळेचे अहवालही होते. तरीही एप्रिलमध्ये मारलेल्या फवाऱ्याचा परिणाम पुढच्या वर्षी फळ बाजारात गेल्यावर कळला. जे यादीत नाही ते विचारले जात नाही, आणि जे विचारले जात नाही ते पुष्कळदा लिहिलेही जात नाही. म्हणून माझा आग्रह असा आहे की फवारणीची नोंद तपासणीच्या यादीप्रमाणे न ठेवता आपल्या बागेप्रमाणे ठेवावी, आणि खरड छाटणीपासून शेवटच्या तोडणीपर्यंत बागेत जे जे गेले ते सर्व तिच्यात असावे.

अशी नोंद सल्लागार घरी बसून लिहू शकत नाही. त्याने कोणते कागद लागतात हे सांगावे, धोक्यांच्या मूल्यांकनाचा नमुना द्यावा, आपल्याला तपासणीसाठी तयार करावे. यात काहीच गैर नाही. परंतु हंगाम संपताना एकाच पेनाने, एकाच हस्ताक्षरात, सलग भरलेली वही लेखापरीक्षकाच्या लगेच लक्षात येते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे ती आपल्या स्वतःच्या काहीच उपयोगाची नसते. वही मराठीत असली तरी चालते. ती औषधांच्या खोलीतच दोरीने बांधून ठेवावी आणि ज्याच्या हातात फवारणीच्या ब्लोअरचे स्टिअरिंग आहे त्यानेच त्याच दिवशी लिहावी. औषधाच्या पुड्यावरील काढणीपूर्व कालावधी आणि आपल्या तोडणीची अंदाजित तारीख या दोन गोष्टी शेजारी शेजारी लिहिण्याची सवय लागली, तर कोणता फवारा टाळायचा हे बऱ्याचदा वहीच सांगते. मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राने शिफारस केलेल्या औषधांची आणि त्यांच्या कालावधीची यादी हंगामाच्या सुरुवातीला घेऊन त्याच खोलीत लावून ठेवावी. यादी बदलत असते, म्हणून ती मागील वर्षाची नसावी.

आता पर्यावरणाकडे वळू, कारण आपल्या पत्रात त्याचा उल्लेख नसला तरी या प्रमाणपत्रातील माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाचा भाग तोच आहे. औषधांची खोली कुलूपबंद आणि हवेशीर असावी. भुकटीची औषधे वरच्या फळीवर आणि द्रवरूप औषधे खालच्या फळीवर ठेवावीत, म्हणजे गळती झाली तर खालचे खराब होत नाही. औषध कालवण्याची जागा विहिरीपासून, बोअरपासून आणि ओढ्यापासून दूर असावी. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी टाकी भरण्याच्या सोयीसाठी नेमके विहिरीच्या काठावरच औषध कालवले जाते, आणि सांडलेले पाणी जिथून वर आले तिथेच परत जाते. रिकामे डबे तीन वेळा विसळून ते विसळलेले पाणी फवारणीच्या टाकीतच ओतावे, डब्याला भोके पाडावीत आणि तो घरगुती वापरासाठी कोणालाही देऊ नये. टाकी धुतलेले पाणी चारीत सोडू नये.

आपला तालुका कादवा आणि गोदावरीच्या काठचा आहे आणि त्याच तालुक्यात नांदूर मधमेश्वरचे पाणपक्ष्यांचे अभयारण्य आहे, ज्याला २०२० मध्ये राज्यातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून मान्यता मिळाली. बागेतून निचरून जाणारे पाणी शेवटी कुठे पोचते, हे आपल्यासाठी नकाशावर बोट ठेवून दाखवता येईल इतके जवळचे आहे. प्रमाणपत्रात जैवविविधतेचा आराखडा मागितला जातो तेव्हा पुष्कळ जण बांधावर चार झाडे दाखवून मोकळे होतात. आपण ओढ्यालगतची काही फुटांची पट्टी गवतासाठी आणि स्थानिक झुडपांसाठी सोडली आणि तिच्यावर फवारा जाणार नाही याची काळजी घेतली, तर त्याला खरा आराखडा म्हणता येईल.

सेंद्रिय द्राक्ष म्हणजे जमिनीवर काहीच भार नाही, असेही समजू नये. केवडा या बुरशीजन्य रोगासाठी सेंद्रिय बागेतही मर्यादित प्रमाणात ताम्रयुक्त औषधे, विशेषतः बोर्डो मिश्रण, वापरली जातात आणि तांबे मातीत साठत जाते. म्हणूनच युरोपीय संघाने तांब्याच्या वापरावर सात वर्षांत हेक्टरी २८ किलो अशी मर्यादा घातलेली आहे. आपण बोर्डो वापरत असाल तर त्याचीही बेरीज वर्षाअखेरीस करून पाहावी.

साडेचार एकरांसाठी स्वतंत्र प्रमाणपत्राचा खर्च जड वाटत असेल, तर शेतकरी उत्पादक कंपनीमार्फत गटाचे प्रमाणपत्र घेता येते. त्यात गटाची अंतर्गत तपासणी व्यवस्था असावी लागते आणि एका सभासदाची गंभीर चूक संपूर्ण गटाला भोवू शकते. त्यामुळे गट निवडताना शेजार आणि नातेसंबंध यांच्यापेक्षा वही कोण लिहितो याकडे पाहावे.

प्रश्न: ठाण्यातील दुकानांत 'नैसर्गिक', 'विषमुक्त', 'रेसिड्यू फ्री', 'इको फ्रेंडली' असे शब्द आणि हिरवी पाने असलेली अनेक पाकिटे दिसतात. हापूसच्या पेटीवर जीआय असे छापलेले असते. यांपैकी नेमके काय पाहून खरेदी करावी? (एक गृहिणी, ठाणे)

उत्तर: शब्दाकडे आणि हिरव्या रंगाकडे न पाहता, त्या चिन्हामागे तपासणी कोणी केली हे पाहावे. सेंद्रिय अन्नासाठी भारतात दोन व्यवस्थांना कायदेशीर मान्यता आहे. एक, राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम, ज्यात त्रयस्थ प्रमाणन संस्था शेताची तपासणी करते आणि 'इंडिया ऑरगॅनिक' हे चिन्ह मिळते. दुसरी, पीजीएस-इंडिया, ज्यात शेतकऱ्यांचा गट परस्परांची तपासणी करतो. अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाच्या २०१७ च्या नियमांनुसार पाकीटबंद सेंद्रिय अन्नावर यांपैकी एका व्यवस्थेचे प्रमाण असावे लागते, आणि 'जैविक भारत' हे एकत्रित चिन्ह दिसते. चिन्हासोबत प्रमाणन संस्थेचे नाव आणि क्रमांक आहे का हेही पाहावे. लहान शेतकरी स्वतः थेट आपल्याला विकत असेल तर त्याला या नियमातून सूट आहे; तिथे चिन्ह नसणे हा दोष नाही, मात्र तिथे आपण त्याला प्रश्न विचारू शकता, आणि जरूर विचारावेत.

'रेसिड्यू फ्री' याचा अर्थ रसायने वापरलीच नाहीत असा होत नाही. तपासलेल्या नमुन्यात, तपासलेल्या औषधांचे अंश ठरावीक मर्यादेखाली आढळले, इतकेच तो शब्द सांगतो. खाणाऱ्याच्या दृष्टीने ही माहिती निश्चितच उपयोगाची आहे. पण त्या शेतातील मातीचे, मधमाश्यांचे किंवा फवारणी करणाऱ्या मजुराचे काय झाले, याविषयी ती काहीच सांगत नाही.

जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, ही तर पूर्णपणे वेगळी गोष्ट आहे. हापूसला २०१८ मध्ये मिळालेले मानांकन हा आंबा रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांतील आहे, एवढे सांगते. कोकणातील कित्येक बागांमध्ये दरवर्षी मोहोर यावा म्हणून पॅक्लोब्युट्राझोल हे वाढनियंत्रक दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या शिफारशीप्रमाणे वापरले जाते. त्यात बेकायदेशीर काही नाही, आणि त्या बागेचा आंबा मानांकित असण्यालाही बाधा येत नाही. मानांकन प्रदेशाची ओळख देते. लागवडीच्या पद्धतीची चौकशी आपल्याला वेगळी करावी लागते.

केवळ मोघम शब्दांचा प्रश्न आहे तिथे आता ग्राहकाच्या हाती एक साधन आले आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये पर्यावरणविषयक दिशाभूल करणाऱ्या दाव्यांसंबंधी मार्गदर्शक तत्त्वे लागू केली. त्यांनुसार 'इको फ्रेंडली', 'हरित', 'नैसर्गिक' असे शब्द वापरणाऱ्याने त्यामागचा आधार आणि खुलासा दिला पाहिजे. असा खुलासा पाकिटावर किंवा त्यावरील क्यूआर कोडमागे सापडला नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते.

जाता जाता एक सूचना घरी बाग करणाऱ्या वाचकांसाठी. कीटकनाशकाच्या बाटलीवर एक चौकोन कोनावर उभा छापलेला असतो आणि त्याच्या खालच्या अर्ध्या भागात लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा रंग असतो. हा विषारीपणाचा उतरता क्रम आहे. हिरवा रंग म्हणजे ते औषध पर्यावरणपूरक आहे असा समज अनेक सुशिक्षित घरांत मी ऐकला आहे. तो चुकीचा आहे. हिरव्या रंगाचे औषधही विषच असते, केवळ त्याची तीव्रता त्या क्रमात सर्वांत कमी असते.

प्रश्न: आमच्या बचत गटातील अकरा जणी अकोले तालुक्यात भाजीपाला आणि काळभात पिकवतो आणि पुण्यातील आठवडी बाजारात विकतो. रासायनिक खत-औषध आम्ही चार वर्षांपासून बंद केले आहे. ग्राहक प्रमाणपत्र मागतात, परंतु प्रमाणन संस्थेची फी आम्हाला परवडत नाही. काय करावे? (एक बचत गट, अकोले)

उत्तर: आपल्यासाठी पीजीएस-इंडिया हीच वाट योग्य आहे. केंद्रीय कृषी मंत्रालयाच्या या योजनेत किमान पाच शेतकरी एकत्र येऊन स्थानिक गट करतात, सेंद्रिय पद्धतीची प्रतिज्ञा लिहून देतात, गटातील सदस्य एकमेकींच्या शेतावर जाऊन पाहणी करतात आणि पाहणीचे निष्कर्ष प्रादेशिक परिषदेकडे पाठवतात. तपासणी शेजारच्याच शेतकऱ्यांनी करायची असल्याने बाहेरच्या संस्थेची मोठी फी लागत नाही. रूपांतराच्या, म्हणजे रासायनिक शेतीकडून सेंद्रिय शेतीकडे जाण्याच्या, काळात 'पीजीएस-ग्रीन' आणि तो काळ पूर्ण झाल्यावर 'पीजीएस-ऑरगॅनिक' असा दर्जा मिळतो. हे प्रमाण देशांतर्गत विक्रीसाठी आहे. उद्या कोणी आपला काळभात परदेशी पाठवू म्हणाला, तर त्यासाठी राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाखालील प्रमाणपत्र लागेल. तिथेही २५ ते ५०० शेतकऱ्यांच्या गटाला एकत्र प्रमाणपत्र घेण्याची सोय आहे, आणि हंगामी पिकांसाठी पेरणीपूर्वीची किमान दोन वर्षे, तर फळबागेसारख्या बहुवार्षिक पिकांसाठी पहिल्या तोडणीपूर्वीची किमान तीन वर्षे रूपांतराची धरली जातात.

आपण चार वर्षे रसायने बंद केली आहेत, ही मोठी गोष्ट आहे. पण त्या चार वर्षांची नोंद आपल्याकडे आहे का? नसेल तर आजच सुरुवात करावी, कारण तोंडी सांगितलेली वर्षे रूपांतराच्या काळात धरली जाणे अवघड असते. प्रत्येकीने आपल्या शेताचा साधा नकाशा काढावा. त्यात विहीर, ओढा, बांध आणि कोणत्या बाजूला कोणाचे कोणते पीक आहे हे दाखवावे. शेजारी उसात २,४-डी हे तणनाशक मारले जात असेल तर त्याची फवार वाऱ्याबरोबर येऊन टोमॅटोची पाने वाकडी होतात, हे आपण पाहिले असेलच. त्या बाजूला शेवरी, तूर किंवा उंच गवताची दाट पट्टी ठेवावी आणि त्या पट्टीतील पीक सेंद्रिय म्हणून विकू नये. दुसरी हमखास चूक मागून आणलेल्या पंपाची असते. ज्या पंपातून काल तणनाशक मारले गेले, त्यातूनच आज दशपर्णी अर्क, म्हणजे झाडपाल्याचे कीडनियंत्रक, मारला तर वर्षभराचे श्रम वाया जातात. गटाने स्वतःचे दोन पंप घ्यावेत आणि ते कोणालाही उसने देऊ नयेत.

परस्परांची पाहणी हा या पद्धतीचा प्राण आहे, आणि तिथेच तिची खरी परीक्षा असते. एखाद्या सभासदाने मावा ही कीड आवरेना म्हणून औषध मारले, तर जाऊबाईला किंवा शेजारणीला नियम मोडला असे सांगणे सोपे नसते. म्हणून नियम मोडल्यास काय होईल हे गटाने आधीच, कोणाचेही नाव समोर नसताना, ठरवून वहीत लिहावे: किती काळ त्या शेताचा माल गटाच्या चिन्हाखाली जाणार नाही, आणि त्या काळात तिला कीड आवरण्यासाठी बाकीच्या जणी काय मदत करतील. यातला दुसरा भाग पहिल्याइतकाच आवश्यक आहे, कारण अडचणीत सोबत मिळेल याची खात्री असली की चूक लपवली जात नाही. महाराष्ट्रात श्री. अ. दाभोलकरांच्या प्रयोग परिवाराने शेतकऱ्यांनी एकमेकांच्या शेतावर जाऊन शिकण्याची परंपरा रुजवली होती. आपल्या भागात त्या पिढीतील जाणकार असतील तर त्यांना पाहणीसाठी अवश्य बोलवावे.

बाजारात बसताना गटाचे प्रमाणपत्र पुठ्ठ्यावर चिकटवून समोर ठेवावे आणि त्याशेजारी आपल्या पाहणीच्या तारखा लिहाव्यात. पुण्याच्या ग्राहकाला शेतावर येण्याचे आमंत्रण द्यावे. जे आठ-दहा जण खरोखर येतील, ते पुढे इतरांना सांगतील.

प्रश्न: आमच्या कराड भागातील शेतकरी कंपनीचे गुऱ्हाळ आहे. आयएसओ १४००१ घेतल्यास गुळाच्या ढेपेवर 'पर्यावरणपूरक गूळ' असे छापता येईल का? (एक संचालक, कराड)

उत्तर: छापता येणार नाही. १९९६ मध्ये प्रथम आलेले आणि २०१५ मध्ये सुधारलेले आयएसओ १४००१ हे पर्यावरण व्यवस्थापन पद्धतीचे मानक आहे. आपल्या कामाचा परिसरावर काय परिणाम होतो हे ओळखणे, तो कमी करण्याचे उद्दिष्ट ठरवणे, ते मोजणे आणि दरवर्षी सुधारणे, एवढी शिस्त आपल्या संस्थेत आहे याचे ते प्रमाण असते. मालाच्या गुणाविषयी ते काही म्हणत नाही, म्हणून ते मालावर चिन्हासारखे वापरता येत नाही. मालासाठीचे शासकीय पर्यावरण चिन्ह म्हणजे १९९१ पासूनचे इकोमार्क, ज्यावर मातीचे मडके आहे आणि ज्याचे नियम २०२४ मध्ये नव्याने आले. परंतु ते ठरावीक उत्पादनवर्गांसाठी असते.

माझा सल्ला असा की प्रमाणपत्राच्या आधी चुलवाणाकडे पाहावे. चिपाड नीट वाळलेले असेल आणि चुलवाणाची रचना सुधारलेली असेल, तर जळण कमी लागते आणि धूर कमी होतो. काही ठिकाणी जळणात रबर आणि प्लास्टिक घातले जाते, तसे आपल्याकडे कधीही होऊ नये. रस रानभेंडीने साफ करता येतो, रंगासाठी हायड्रॉस हे रसायन घालण्याची गरज नाही. काढलेली मळी आणि काहिलीचे धुणे ओढ्यात न सोडता खड्ड्यात कुजवून शेतात न्यावे. आपल्या सभासदांचा ऊस प्रमाणित सेंद्रिय असेल तर गुऱ्हाळासाठी प्रक्रियेचे सेंद्रिय प्रमाणपत्र वेगळे घ्यावे, आणि मग ढेपेवर छापण्यासारखे काही खरे आपल्या हाती येईल.

प्रश्न: मी आर्वी तालुक्यातील कोरडवाहू कापूस उत्पादक आहे. तीन वर्षांपासून बेटर कॉटनच्या गटात आहे. बैठका होतात, वही भरतो. पण जिनिंगवाला बाजारभावापेक्षा एक रुपयाही जास्त देत नाही. शहरात मात्र त्या चिन्हाचे कपडे महाग विकले जातात असे मुलगा सांगतो. हा सेंद्रिय कापूस समजायचा का? आणि यात आमचा फायदा काय? (एक शेतकरी, जिल्हा वर्धा)

उत्तर: आपली तक्रार रास्त आहे आणि ती मोठ्याने मांडली गेली पाहिजे. आधी वस्तुस्थिती सांगतो. बेटर कॉटन म्हणजे सेंद्रिय कापूस नव्हे. त्यात बीटी, म्हणजे बोंडअळीविरोधी जनुक घातलेल्या, बियाण्याला मनाई नाही आणि रासायनिक औषधांनाही नाही. पाणी, माती, औषधांचा वापर आणि मजुरांचे हक्क यांबाबत टप्प्याटप्प्याने सुधारणा व्हावी, असा त्याचा हेतू आहे. सेंद्रिय कापसात मात्र बीटी मुळीच चालत नाही. भारतात २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाल्यानंतर बिगर-बीटी सरळ वाणांचे बियाणे मिळवणे हेच सेंद्रिय उत्पादकाचे पहिले अवघड काम होऊन बसले आहे.

पैशाचा प्रश्न समजण्यासाठी दुधाच्या संकलन केंद्राची कल्पना करावी. गावातील दहा घरांचे दूध एकाच टाकीत जाते. त्यांपैकी चार घरे गोठा स्वच्छ ठेवणारी असतील, तर शहरात चार घरांइतके दूध 'स्वच्छ गोठ्याचे' म्हणून नोंदवले जाते, पण प्रत्यक्षात पिशवीत कोणाचे दूध आले हे कोणी सांगू शकत नाही. बेटर कॉटनची दीर्घकाळ चालत आलेली वस्तुमान-ताळेबंदाची पद्धत अशीच आहे. जिनिंगनंतर आपला कापूस इतर कापसात मिसळला जाऊ शकतो, कागदावर फक्त वजनाचा हिशेब पुढे जातो. कपड्याच्या कंपनीने भरलेले शुल्क प्रामुख्याने प्रशिक्षणावर खर्च होते, आणि शेतकऱ्याला जादा भाव मिळेल असे आश्वासन या पद्धतीत मुळातच दिलेले नाही. २०२३ च्या अखेरीपासून कापूस कोणत्या देशातून आला याचा माग ठेवण्याची नवी व्यवस्था सुरू झाली आहे. तिच्यात वेगळा ठेवलेला कापूस वेगळ्या दराने घ्यावा, ही मागणी आपल्यासारख्यांनी गटामार्फत करणे मला पूर्णपणे योग्य वाटते. नोंदी ठेवण्याचे श्रम शेतकऱ्याचे असतील, तर त्या नोंदींच्या आधारे मिळणाऱ्या जादा किमतीतही त्याचा वाटा असला पाहिजे.

वेगळा ठेवलेला कापूस आणि कागद यांची जुळणी किती महत्त्वाची असते, हे सेंद्रिय कापसाच्या बाबतीत एकदा दिसून आले आहे. ग्लोबल ऑरगॅनिक टेक्स्टाइल स्टँडर्ड या व्यवस्थेने २०२० मध्ये भारतातील सुमारे २० हजार टन कापसाच्या व्यवहारांत बनावट कागदपत्रे आढळल्याचे जाहीर केले आणि अकरा कंपन्यांवर बंदी घातली. त्याची झळ ज्यांनी खरोखर सेंद्रिय कापूस पिकवला त्यांना लागते, कारण खरेदीदाराचा संशय सर्वांवर सारखाच येतो.

आता आपल्या फायद्याचे. भाव मिळत नसला तरी खर्च आणि जीव या दोन्ही बाबतींत या बैठकांचा उपयोग करून घेता येतो. गुलाबी बोंडअळीसाठी हेक्टरी पाच कामगंध सापळे, म्हणजे गंधाने नर पतंगांना ओढून घेणारे सापळे, लावून सलग तीन दिवस दर सापळ्यात रात्री आठ किंवा अधिक पतंग आले तरच फवारणीचा विचार करावा, ही केंद्रीय कापूस संशोधन संस्थेची शिफारस आहे. शेजाऱ्याने पंप काढला म्हणून आपणही काढायचा, या सवयीतून आपण बाहेर आलात तर हंगामात एक-दोन फवाऱ्यांचे पैसे वाचू शकतात, आणि तेवढी बचत क्विंटलमागच्या किरकोळ जादा भावाच्या तोडीची ठरू शकते. आपल्या वहीत गेल्या तीन वर्षांचा औषधांचा खर्च लिहिलेला असेल. तो वर्षावार मांडून पाहावा. तो घटला नसेल तर बैठकांत काहीतरी कमी पडते आहे, असे स्पष्टपणे सांगावे.

जिवाची गोष्ट मी मुद्दाम शेवटी ठेवली आहे. आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या हंगामात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर दगावले आणि शेकडो जण रुग्णालयात दाखल झाले. डोक्याच्या वर गेलेली पऱ्हाटी, उकाडा, दोन-तीन औषधे एकत्र कालवणे आणि उघडे अंग, अशी अनेक कारणे त्यामागे होती. मोनोक्रोटोफॉस ३६ टक्के हे औषध बंद करण्याचा आदेश केंद्र सरकारने २०२३ मध्ये काढला. ते आपल्या घरात जुने पडून असेल तर वापरू नये. पुढच्या बैठकीत क्षेत्र सहायकाला तीन गोष्टी विचाराव्यात: गटातील मजुरांसाठी हातमोजे, मुखपट्टी आणि पूर्ण बाह्यांचे कपडे कोण देणार, औषधे एकत्र कालवू नयेत हे मजुराला त्याच्या भाषेत कोण सांगणार, आणि विषबाधा झाल्यास जवळच्या ग्रामीण रुग्णालयात ॲट्रोपीन हे उताऱ्याचे औषध उपलब्ध आहे का. या तिन्हींची उत्तरे आपल्या वहीत, विचारल्याच्या तारखेसह, लिहून ठेवावीत.